'स्मृतिचित्रे'चा उत्तरार्ध : एक पुनर्विचार

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर आजवर इतके लिहिले गेले आहे की, त्यात आणखी भर घालण्याचे प्रयोजन काय, अशी शंका वाचकांस येणे साहजिक आहे. ती आम्हांसही आली होती. परंतु हा ग्रंथ पुन्हा वाचताना आणि त्यावरील जुने-नवे लेख चाळताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. या ग्रंथाची स्तुती करणारे बहुतेक लेखक त्याच्या पूर्वार्धातच रमतात. वडिलांचे ते विलक्षण सोवळे, अकराव्या वर्षी झालेले लग्न, टिळकांचे घर सोडून निघून जाणे, पुढे त्यांचे धर्मांतर, लक्ष्मीबाईंची ताटातूट आणि अखेर पुनर्मीलन, येथवर लेखणी उत्साहाने चालते. पुनर्मीलन झाले की लेख संपत येतो. जणू नाटकाचा शेवटचा अंक झाला आणि पडदा पडला. वस्तुतः त्यानंतर हे जोडपे जवळजवळ वीस वर्षे एकत्र राहिले, एका लहानशा ख्रिस्ती समाजात धर्मसेवा करीत प्रौढ झाले, थकले. या वीस वर्षांची हकीकत हाच 'स्मृतिचित्रे'चा अधिक मोलाचा भाग होय, असे आमचे मत आहे. आणि ते सकारण मांडावे एवढाच या लेखाचा हेतू.

या विचाराला निमित्त झाले ते येथील, म्हणजे बेंगळुरूचे, एक प्रार्थनामंदिर. जुन्या पुस्तकांच्या शोधात ॲव्हेन्यू रोडवर फिरणाऱ्या मराठी माणसास तेथील राइस मेमोरियल चर्च परिचयाचे असेल. ज्यांच्या स्मरणार्थ ते उभे आहे ते बेंजामिन राइस लंडन मिशनरी सोसायटीचे धर्मोपदेशक. १८३७ मध्ये ते येथे आले आणि १८८७ मध्ये येथेच वारले. पन्नास वर्षे त्यांनी कानडी भाषेत आणि कानडी मंडळीत घालविली. त्यांचे चिरंजीव लूइस राइस यांनी पुढे 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या रूपाने कर्नाटकातील शिलालेखांचा अजोड संग्रह सिद्ध केला, हे इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. राइस यांचे चरित्र त्यांच्या दुसऱ्या एका पुत्राने लिहिले. अशा चरित्रांचा एक ठरावीक घाट असतो. सोसायटीचे अहवाल, दौरे, शाळा, भाषांतरे, बाप्तिस्म्यांची संख्या, आणि मग मृत्युसमयीची शांती. धर्मोपदेशकाची पत्नी या साहित्यात सामान्यतः एका विशेषणात मावते. ती 'निष्ठावान सहधर्मचारिणी' असते. तिने मुलींची शाळा काढलेली असते, आणि तिच्या मृत्यूची तारीख दिलेली असते. पन्नास वर्षे परक्या गावी चूल कोणी पेटती ठेवली, याचा उल्लेख कोणत्याही अहवालाच्या रकान्यात येत नाही.

टिळकांविषयीही असेच घडले असते. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये लिहिलेले टिळकांचे इंग्रजी चरित्र आदराने आणि प्रेमाने लिहिलेले आहे. त्यात टिळक संतकवी म्हणून उभे राहतात. ते चित्र खोटे नाही. परंतु संतांच्या चित्रात पाठीमागे प्रभावळ असते, स्वयंपाकघर नसते. पुढे देवदत्त टिळकांनी वडिलांच्या चरित्राकरिता म्हणून आईस तिच्या आठवणी लिहावयास सांगितले. म्हणजे मागणी होती ती दुसऱ्याच्या चरित्रास लागणाऱ्या साधनांची. मिळाला तो मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्रग्रंथ. १९३४ पासून तो चार भागांत बाहेर आला; १९३६ मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. ज्या वहीत पतीचा जमाखर्च लिहावयाचा, तीच वही पत्नीने स्वतःच्या आयुष्याची करून टाकली, आणि तरीही पतीच्या खात्यातील एकही जमा लपविली नाही. हा तोल कसा साधला, हेच समीक्षकाने पाहावयाचे आहे.

हकीकत सर्वांस माहीत आहे, म्हणून येथे थोडक्यात सांगतो. नारायण वामन टिळक १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मले. लक्ष्मीबाई १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे पतिपत्नी दुरावली होती. मग लक्ष्मीबाई नगरास आल्या. आरंभी आपले सोवळे सांभाळून राहिल्या. हळूहळू, कोणाच्याही दडपणावाचून, जातिभेद हा देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे अशा निर्णयास आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळकांस १९०४ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, ते साताऱ्यास गेले, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांसाठी 'देवाचा दरबार' त्यांनी मांडला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

१९०० ते १९१९ या काळातील नगर व राहुरी येथील त्यांचे जीवन समजण्यास त्या लहानशा समाजाची घडण ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे नगर येथे १८३१ पासून होते. 'ज्ञानोदय' पत्र १८४२ मध्ये निघाले ते तेथूनच. नगर जिल्ह्यातील मंडळ्या बहुतांशी त्या काळी अस्पृश्य मानलेल्या महार व मांग समाजांतून आलेल्या होत्या. छपन्नच्या दुष्काळाने, म्हणजे १८९९-१९०० च्या अवर्षणाने, मिशनच्या आश्रयास आलेल्या अनाथ मुलांची संख्या फारच वाढली होती. वर अमेरिकन मिशनरी, खाली ही गरीब मंडळी, आणि मध्ये टिळकांसारखा एखादा चित्पावन पंडित. त्याचे आप्त त्यास मेलेला समजत. वरिष्ठांपैकी कित्येकांस तो फार स्वतंत्र वाटे. आणि ज्या मंडळीची सेवा करावयाची, तिला त्याची संस्कृतप्रचुर भाषा आणि त्याचे उंची विचार नवखे होते. अशा तिठ्यावर उभे राहून टिळकांनी जे केले ते लहान नव्हते. प्रार्थनामंदिरात तोवर बहुतांशी परक्या चालींवरील भाषांतरित गीते गाइली जात. त्यांच्या जागी टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. 'अभंगांजली' वाचताना तुकोबांच्या वळणाची ओवाळणी ख्रिस्ताच्या पायाशी ठेवलेली दिसते. आजही मराठी ख्रिस्ती मंडळीत त्यांची अनेक भजने गाइली जातात, आणि एखाद्या कवीस याहून अधिक काय हवे?

परंतु टिळकांच्या या बाजूचे वर्णन इतरांनीही केले आहे. लक्ष्मीबाईंनी लिहिले आहे ते त्याच घराच्या दुसऱ्या बाजूने. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. आला की तो कोणा गरजूच्या हाती जावयाचा. घरी कोणी ना कोणी राहावयास असावयाचे: अनाथ मुले, विद्यार्थी, नवखे कवी, धर्मजिज्ञासू, आणि ज्यांच्याविषयी काहीच सांगता येणार नाही असेही. बालकवी ठोमरे हे त्यांतलेच. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्या मुलाचे कौतुक झाले, तो पुढे टिळकांच्या घरी राहिला, रुसला, हसला, आणि लक्ष्मीबाईंच्या हातचे जेवला. बालकवींचा काव्यविचार करणाऱ्या ग्रंथांत निसर्ग, सौंदर्य, औदासीन्य यांची चर्चा पुष्कळ सापडते. हा मुलगा घरात कसा वागे, त्याची समजूत कशी घालावी लागे, हे ज्यांस जाणून घ्यावयाचे असेल त्यांनी 'स्मृतिचित्रे' पाहावी.

येथे या ग्रंथातील मूळ प्रश्न उभा राहतो. निरपेक्ष माणसाच्या निरपेक्षतेचा खर्च कोण सोसतो? टिळक देतात, आणि देताना त्यांस आनंद होतो. तो आनंद खरा आहे. पण संध्याकाळी डब्यात पीठ नसते तेव्हा ते कोठून आणावे, हा विचार देणाऱ्याच्या वाट्यास येत नाही. तो दुसऱ्याच व्यक्तीच्या वाट्यास येतो. आमच्या समाजसेवेच्या आणि धर्मसेवेच्या इतिहासात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, कारण तो विचारणे क्षुद्रपणाचे वाटते. लक्ष्मीबाईंनी तो पानोपानी विचारला आहे, आणि तरीही त्यांच्या लेखनात क्षुद्रता कोठेही शिरत नाही. याचे कारण असे की, त्या प्रश्न विचारून थांबत नाहीत. घरात आलेल्या अनाथास प्रथम नाक मुरडणाऱ्या लक्ष्मीबाईच पुढे त्याच्या आजारपणात उशाशी बसलेल्या दिसतात. टिळकांचे देणे तत्त्वातून येते. लक्ष्मीबाईंचे देणे समोरच्या माणसाकडे पाहून येते. टिळक जगावर प्रेम करतात. लक्ष्मीबाई त्या जगातून घरी आलेल्या एकेकाला वाढतात. दोघांपैकी कोणाची सेवा श्रेष्ठ, याचा निवाडा त्या करीत नाहीत. त्या केवळ दोन्ही बाजूंच्या नोंदी करून ठेवतात. आम्हांस वाटते, मराठीत या प्रकारचा प्रामाणिक हिशेब इतक्या विस्ताराने आणि इतक्या समतोल वृत्तीने दुसरीकडे झालेला नाही.

तुलनेने ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. रमाबाई रानड्यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. ते थोर पुस्तक आहे. पण रमाबाईंच्या लेखनात पती हा गुरू आहे, दैवत आहे. त्याचा उल्लेखदेखील आडवळणाने, अत्यंत आदरार्थी होतो. शिष्येने गुरूचा हिशेब मागावयाचा नसतो. दुसरीकडे, १९४४ मध्ये आलेले आनंदीबाई कर्व्यांचे 'माझे पुराण'. तेथे बाया कर्वे सडेतोड आहेत. ज्या पतीने आपले सर्वस्व संस्थेस वाहिले त्याच्या घरात राहणे म्हणजे काय, हे त्या आडपडदा न ठेवता सांगतात, आणि त्यांचे सांगणे न्याय्य आहे. लक्ष्मीबाई या दोघींच्या मध्ये उभ्या आहेत असे म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. त्यांची जागाच निराळी आहे. त्या पतीस ग्रंथभर सरळ 'टिळक' म्हणतात. या एका संबोधनात ग्रंथाची सारी दृष्टी साठविली आहे. 'टिळक' म्हटल्याबरोबर पती हा दैवतही राहत नाही आणि प्रतिवादीही राहत नाही. तो एक माणूस होतो. त्या माणसावर रागावता येते, त्याला हसता येते, आणि त्याच्या थोरपणाचा अचंबाही करता येतो.

या हसण्याविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण 'स्मृतिचित्रे'च्या विनोदाची जितकी वाखाणणी झाली आहे तितकाच त्याविषयी गैरसमजही झाला आहे. हा विनोद 'भाबडा' आहे, 'निरागस' आहे, असे म्हणण्याची प्रथा पडून गेली आहे. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, टिळकांनीच त्यांस लिहावाचावयास शिकविले, यावरून त्यांचे लेखनही सहजगत्या झाले असावे असा आपला तर्क. आम्हांस हे मान्य नाही. जी बाई एखादा प्रसंग सांगताना स्वतःची फजिती आधी सांगते आणि पतीची मागाहून, तिला न्याय कसा करावा हे चांगले कळते. स्वतःला हसून घेतल्यावर दुसऱ्यास हसण्याचा अधिकार मिळतो, हे त्या जाणून आहेत. त्यांचा विनोद हा तक्रार न करता सत्य सांगण्याचा मार्ग आहे. टिळक कोठे चुकले हे वाचकास कळते, आणि टिळकांची प्रतिष्ठाही ढळत नाही. यास भाबडेपणा म्हणावयाचे तर जाणतेपणा कशास म्हणावे?

या ठिकाणी एक घरगुती गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नोकरीमुळे आमच्या बदल्या होत आल्या आहेत, आणि प्रत्येक नव्या गावी रात्रीच्या जेवणानंतर काही मराठी वाचण्याचा परिपाठ आम्ही ठेवला आहे. मुलांच्या कानांवर भाषा राहावी हा त्यात हेतू. येथे आल्यावर पहिल्या महिन्यातच आम्ही 'स्मृतिचित्रे' वाचावयास घेतली. सामान अर्धे बांधलेलेच होते. टिळक कोणासही न सांगता बिऱ्हाडाविषयी काही ठरवून येतात, अशा वळणाचा मजकूर आम्ही मोठ्या रंगात वाचीत होतो आणि मुलांबरोबर हसत होतो. पत्नी एका पेटाऱ्यातील भांडी काढीत होती. ती म्हणाली, "अहो, यात हसण्यासारखे नेमके काय आहे?" तिच्या स्वरात राग नव्हता. तिला खरोखरच विचारावयाचे होते. आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या रात्री पुढची पाने आम्ही मनातल्या मनात वाचली, आणि प्रथमच ती लक्ष्मीबाईंच्या बाजूने वाचली. धर्मसेवेची आणि सरकारी सेवेची बरोबरी करण्याइतके आम्ही उद्धट नाही. पण बदलीचा हुकूम एकाच्या नावे निघतो आणि बिऱ्हाड दुसरेच कोणी बांधते, हे आपणा परगावी राहणाऱ्यांस तरी समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता या उत्तरार्धातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्या झाकणे हा ग्रंथाचा सन्मान नव्हे. पहिली उणीव रचनेची. पूर्वार्धात प्रसंगामागून प्रसंग एका ओढीने येतात, कारण तेथे ताटातुटीचा धागा आहे. उत्तरार्धात तो धागा संपतो. आठवणी आठवतील तशा येतात, आणि टिळकांच्या पश्चात मुंबई व कराची येथे गेलेल्या दिवसांत तर वीण पुष्कळच सैल होते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ज्या मंडळीच्या सेवेत हे जोडपे झिजले, ती मंडळी या ग्रंथात पुरेशी दिसत नाही. जातीचा अहंकार आपल्या मनातून कसा गेला, हे लक्ष्मीबाईंनी विलक्षण प्रामाणिकपणे सांगितले आहे. पण ज्यांच्या हातचे पाणी पिण्याविषयी हा सारा झगडा होता, ती माणसे स्वतः काय विचार करीत होती? एक पंडिताचे कुटुंब आपल्या वस्तीत येऊन राहते, त्याचे कौतुक होते, त्याच्या त्यागाची कीर्ती पसरते. आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या जे सोसले त्याची मात्र नोंद कोणी घेत नाही, असे त्यांच्यापैकी एखाद्यास वाटले नसेल काय? त्या बाजूचे 'स्मृतिचित्र' लिहिले गेले असते तर नगरच्या त्या लहान समाजाची हकीकत पुरी झाली असती. लक्ष्मीबाईंनी जे पाहिले ते आपल्या उंबरठ्यावरून पाहिले. तो उंबरठा त्यांनी पुष्कळ रुंद केला, यात शंका नाही. तरी तो उंबरठाच होता. मराठी साहित्यात पतीच्या त्यागाचा खर्च पत्नीने मांडून दाखविला. पण त्या दोघांहूनही ज्यांनी अधिक सोसले त्यांचे खाते उघडावयास पुढील कित्येक वर्षे जावी लागली.

शेवटी 'ख्रिस्तायना'विषयी. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावरील हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले, दहा अध्याय पुरे केले, अकरावा अर्धवट राहिला. लक्ष्मीबाईंनी पुढे चौसष्ट अध्याय रचले, आणि शेवटची पूर्ती पुत्राने केली. ग्रंथ १९३८ मध्ये, लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ही गोष्ट पतिनिष्ठेचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. आम्हांस तीत आणखीही काही दिसते. आयुष्यभर टिळकांनी कामे आरंभावी आणि ती निस्तरण्याचे काम लक्ष्मीबाईंकडे यावे, हाच या संसाराचा क्रम होता. घरी आणलेली मुले टिळकांनी आणली, वाढविली लक्ष्मीबाईंनी. साताऱ्याचा दरबार टिळकांनी मांडला. मिशनचे वेतन थांबल्यावर घर चालविण्याची चिंता दोघांची झाली, पण तिचा दैनंदिन भार कोणावर पडला असेल हे सांगावयास नको. महाकाव्याचेही तेच झाले. मात्र या खेपेस निस्तरणे हेच निर्मिती ठरले. दहा अध्यायांपुढे चौसष्ट अध्याय म्हणजे केवळ पूर्ती नव्हे. काव्यगुणांत टिळकांचे अध्याय सरस, हे आम्ही मान्य करतो. पण मूळ कल्पना कोणाचीही असो, ती तडीस नेणारा हात कोणाचा, हेही वाङ्मयेतिहासाने मुखपृष्ठाइतक्याच ठळकपणे लिहून ठेवावयास हवे.

'स्मृतिचित्रे' इंग्रजीत अनेकदा गेली. जोसेफिन इंकस्टर यांचे भाषांतर १९५० मध्ये आले, आणि शांता गोखले यांचे संपूर्ण भाषांतर २०१७ मध्ये. मराठी न वाचणाऱ्या सहकाऱ्यांस आपल्या भाषेतील एखादे पुस्तक द्यावयाचे असेल, तर हे द्यावे. येथील एका कानडी स्नेह्यास आम्ही ते दिले आणि त्यांनी ते घरी ठेवूनच घेतले. पण मराठी वाचकांस आमची विनंती निराळी आहे. हा ग्रंथ आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत कधीतरी वाचला आहे, उताऱ्यांच्या रूपाने का होईना. तो आता, संसाराची काही वर्षे झाल्यावर, पुन्हा वाचावा. आणि वाचताना बाप्तिस्म्यापाशी न थांबता पुढे जावे. नगरच्या त्या घरात रात्री किती पाने वाढली गेली, त्यांतली घरची किती आणि आगंतुकांची किती, आणि सर्वांच्या मागून कोण जेवले, हे तेथे लिहिलेले आहे. शक्य असेल तर घरात मोठ्याने वाचावे, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणी हसले नाही तर क्षणभर थांबून कारण विचारावे.